वृत्तविद्येचे विद्यार्थी आणि सनदी परीक्षा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सनदी परीक्षेचा निकाल जाहीर झाला की यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात आणि पुढचे काही दिवस घराघरांतून एकच चर्चा चालते. आपल्या मुलाने वा मुलीने या वाटेने जावे काय, गेल्यास कोणता विषय घ्यावा, कोणत्या शिकवणी वर्गात नाव घालावे, असे प्रश्न पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे पालक एकमेकांना विचारू लागतात. अभियांत्रिकी, वाणिज्य वा इतिहास घेतलेल्या मुलांना सल्ला देणारे कोणी तरी भेटते. वृत्तविद्या व जनसंज्ञापन या विषयाची पदवी घेतलेल्या तरुणांची मात्र कुचंबणा होते. 'आमच्या विषयाचा या परीक्षेत उपयोग काय?' असा प्रश्न हे तरुण आम्हांसही वारंवार विचारतात. वृत्तपत्राशीच ज्याचा संबंध, त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्रीय सनदी परीक्षेच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत पंचवीस विषय आहेत. शिवाय तेवीस भाषांच्या साहित्याचा पर्याय आहे आणि त्यांत मराठी व कोंकणी या दोन्ही भाषा आहेत. पण त्या यादीत वृत्तविद्या नाही. शेजारच्या पाकिस्तानात केंद्रीय सेवा परीक्षेला 'पत्रकारिता व जनसंज्ञापन' हा शंभर गुणांचा ऐच्छिक विषय घेता येतो. आपल्याकडे ती सोय नाही. तेव्हा आपल्या पदवीचाच विषय घेऊन परीक्षेस बसू, अशी आशा बाळगणाऱ्याने ती आजच सोडावी. त्याने समाजशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन वा मराठी साहित्य यांपैकी एखाद्या विषयाचा नव्याने अभ्यास करावयास हवा, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

परंतु जो विषय पुढच्या दाराने येत नाही, तो मागच्या दारांनी आत आलेला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत अंतर्गत सुरक्षिततेच्या संदर्भात प्रसारमाध्यमांची व समाजमाध्यमांची भूमिका अभ्यासावयाची असते. नीतिशास्त्राच्या चौथ्या प्रश्नपत्रिकेत शासनातील पारदर्शकता आणि माहितीचा अधिकार हे विषय नावानिशी नमूद आहेत. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत राज्यघटना आहे, आणि राज्यघटना आली की भाषणस्वातंत्र्य व त्यावरील मर्यादा आल्याच. अडीचशे गुणांचा निबंध तर सर्वस्वी लेखनकलेचीच परीक्षा होय.

शिवाय ज्या सेवेत वृत्तविद्येच्या विद्यार्थ्याचे खरे स्थान आहे, तिचे दारही हीच परीक्षा उघडते. ती म्हणजे भारतीय माहिती सेवा. १९६० साली केंद्रीय माहिती सेवा या नावाने ती स्थापन झाली. तिच्या वरिष्ठ गटातील अधिकारी सनदी परीक्षेतून निवडले जातात आणि दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत त्यांचे प्रशिक्षण होते. ही संस्था १९६५ साली स्थापन झाली असून विदर्भात अमरावती येथे तिचे केंद्र आहे. याच सेवेच्या खालच्या गटासाठी जी भरती होते, तीत पत्रकारितेची पदवी वा पदविका मागितली जाते आणि एखाद्या भारतीय भाषेचे ज्ञानही पाहिले जाते. राज्यांच्या माहिती खात्यांतील पदे आहेत ती वेगळीच. ज्याला अध्यापनाकडे वळावयाचे असेल त्याच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची पात्रता परीक्षा आहे आणि तीत जनसंज्ञापन व पत्रकारिता हा स्वतंत्र विषय आहे. वाटा अनेक आहेत. त्या सर्वांवर उपयोगी पडेल अशी पूर्वतयारी कोणती, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे बाजारात मिळणारे उत्तर म्हणजे मार्गदर्शिका पाठ करणे. अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड लॅसवेल यांनी १९४८ साली संज्ञापनाचे पाच प्रश्न मांडले, वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली लोकमतावर ग्रंथ लिहिला, मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९७२ साली विषयपत्रिकेचा सिद्धान्त मांडला, अशा नोंदी घोकून विद्यार्थी आपण तयार झालो असे समजतो. या नोंदी माहीत असाव्यात, यात वाद नाही. पण सिद्धान्त आपल्या मातीत लावून पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ उमगत नाही. लॅसवेल यांचे पाच प्रश्न कोणते? कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि त्याचा परिणाम काय होतो. हे प्रश्न घेऊन विद्यार्थ्याने गोव्याच्याच इतिहासाकडे जावे. नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून, प्रथम आंबोली व नंतर कॅसलरॉक परिसरातून, पोर्तुगीज व कोंकणी भाषांत गुप्त नभोवाणी चालविली. गोव्यात वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण होते आणि 'एमिसोरा द गोवा' हे केंद्र सरकारच्या हाती होते. अशा काळात बंद दारांआडून ऐकला जाणारा तो आवाज कोणाचा होता, कोणासाठी होता, त्याने पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन्ही भाषा का निवडल्या, याचा विचार करून लिहिलेले पानभर उत्तर हे मार्गदर्शिकेच्या दहा पानांहून मोलाचे ठरेल. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेक तरुणांनी हे नाव प्रथमच ऐकले. जनसंज्ञापनाचे विद्यार्थीही त्यांत असावेत, ही खेदाची गोष्ट होय.

दुसरी तयारी वृत्तपत्र वाचण्याची. सनदी परीक्षेचा प्रत्येक उमेदवार वृत्तपत्र वाचतो, असे समजले जाते. प्रत्यक्षात बरेच जण बातम्यांखाली रेघा ओढतात आणि कात्रणे जमवितात. बातमी आणि प्रश्न यांतील भेद त्यांना कळत नाही. म्हादईचेच उदाहरण घ्या. जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला आणि कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ व महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले, ही झाली बातमी. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांत संसदेचा कायदा काय म्हणतो, नदीचे पाणी खोऱ्याबाहेर वळविण्यास गोव्याचा आक्षेप का, अभयारण्याचा आणि खाडीतील खारेपणाचा त्याच्याशी संबंध कोणता, आणि मलप्रभेच्या काठच्या शेतकऱ्याची तहान खरी की खोटी, हा झाला प्रश्न. आमचा विद्यार्थ्यांना आग्रह आहे की, अशा विषयावर त्यांनी एकाच दिवशी पणजीचे आणि बेळगावचे वृत्तपत्र शेजारी ठेवून वाचावे. दोन्ही मराठीच असतील. पण मथळा वेगळा, पहिला परिच्छेद वेगळा, ज्यांची मते छापली ती माणसेही वेगळी. विषयपत्रिका कोण ठरवितो, या सिद्धान्ताचा याहून चांगला धडा कोणत्या ग्रंथात मिळणार? वाचकांनी कशाविषयी विचार करावा हे वृत्तपत्र ठरविते, असे तो सिद्धान्त सांगतो. सनदी अधिकारी होऊ पाहणाऱ्याने तर ते ठरण्यापूर्वीच सर्व बाजू पाहिलेल्या असाव्या लागतात.

तिसरी तयारी लेखनाची. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका प्रश्नपत्रिकेत तीन तासांत वीस उत्तरे लिहावयाची असतात. दहा उत्तरे दीडशे शब्दांची आणि दहा अडीचशे शब्दांची. म्हणजे लहान उत्तराला सात मिनिटे आणि मोठ्याला अकरा. प्रश्न वाचणे, विचार करणे, मांडणी ठरविणे आणि लिहून काढणे, सारे काही या वेळात बसवावयाचे. वृत्तपत्राच्या कार्यालयात उपसंपादक रोज रात्री याहून वेगळे काय करतो? चार कागदांचे वार्तापत्र त्याच्यापुढे येते, जागा असते अर्ध्या स्तंभाची आणि छपाईची वेळ टळणार नसते. महत्त्वाचे आधी, तपशील नंतर, विशेषणे शक्य तितकी कमी आणि आकडा दोनदा तपासलेला, ही त्याची शिस्त. वृत्तविद्येच्या ज्या विद्यार्थ्याने ही शिस्त अंगी बाणविली त्याला सनदी परीक्षेची उत्तरपत्रिका परकी वाटू नये. तो मागे पडतो तो दुसऱ्या कारणाने. वृत्तपत्री लेखनातील चटकदारपणा तो उचलतो आणि चिकाटी सोडून देतो. परीक्षकाला मथळा नको असतो. त्याला कारणपरंपरा हवी असते.

चौथी तयारी कायद्याची. प्रसारमाध्यमांच्या कायद्याचा इतिहास हा रुक्ष कलमांचा ढीग नव्हे. पुण्याच्या 'सकाळ' या मराठी दैनिकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि पृष्ठसंख्येनुसार वृत्तपत्राची किंमत ठरवून देणारा सरकारचा आदेश १९६१ साली घटनाबाह्य ठरला. वृत्तपत्राचा खप कमी करणे म्हणजे त्याचा आवाज कमी करणे होय, हे तत्त्व देशाला एका मराठी दैनिकामुळे मिळाले, याचा अभिमान बाळगण्याआधी ते तत्त्व समजून घेतले पाहिजे. १८६७ चा मुद्रण व नोंदणी कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने मागे सारला आणि नवा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आला. जुन्या मार्गदर्शिकेवर विसंबणारा विद्यार्थी अजूनही दीडशे वर्षांपूर्वीचेच कलम लिहून येईल. कायद्याचा अभ्यास चालू ठेवावा लागतो तो यासाठी.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. ही सारी तयारी कोणासाठी? माहिती सेवेत जाणारा तरुण उद्या सरकारचा प्रवक्ता होणार आहे. पण सरकारची माहिती म्हणजे सरकारची स्तुती नव्हे. हा भेद ज्याला परीक्षेपूर्वी कळला नाही त्याला अधिकारपदावर तो कोणी शिकविणार नाही. १९७५-७६ हे वर्ष पाहा. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. शेती, आरोग्य, शिक्षण हे विषय ज्या गावी वीज नुकती आली होती तेथपर्यंत गेले. जनसंज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांत या प्रयोगाला मानाचे पान आहे आणि ते रास्तच आहे. पण त्याच वर्षी, त्याच सरकारने आणीबाणी पुकारून वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले. काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था उभी करण्यात आली. एका हाताने खेड्यात पडदा लावला आणि दुसऱ्या हाताने शहरातला छापखाना आवळला. साधने वाढली म्हणजे संवाद वाढतो असे नव्हे, हा त्या वर्षाचा धडा होय. पहिली बाजू पाठ करून दुसरी गाळणारा विद्यार्थी गुण मिळवीलही. पण त्याला त्या वर्षाचा अर्थ कळला असे आम्ही म्हणणार नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे की नाही हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, अशी तरतूद एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत करण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. खोट्या बातम्यांचा उपद्रव खरा आहे. एका अफवेने जमाव रस्त्यावर येतो, हे आपण पाहतो. तथापि स्वतःविषयीच्या टीकेचा न्यायाधीश स्वतःच होणे हे कोणत्याही सत्तेस शोभत नाही. मुलाखतीच्या खोलीत हा प्रश्न विचारला गेला तर उमेदवाराने काय सांगावे? दोन्ही बाजू मांडाव्यात आणि मग आपले मत निर्भयपणे पण नम्रतेने सांगावे. मुलाखतीला २७५ गुण आहेत ते पाठांतरासाठी नव्हेत.

गोव्याच्या तरुणांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. गोव्याने आपला कायदा १९९७ सालीच केला होता. लहान राज्याने मोठ्या देशाआधी टाकलेले हे पाऊल होते. ज्या भूमीने वृत्तपत्रांवरील पोर्तुगीज नियंत्रण सोसले, तिला माहितीची किंमत इतरांहून आधी कळावी हे साहजिकच होय. या भूमीतून माहिती सेवेत जाणाऱ्याने तो वारसा बरोबर न्यावा.

आणि भाषेचे काय? आमच्या टेबलावर सरकारी प्रसिद्धिपत्रके रोज येऊन पडतात. पहिल्या चार ओळींत मान्यवरांची नावे, नंतर समारंभाचे वर्णन, आणि लोकांना ज्याची गरज ती गोष्ट, म्हणजे अर्ज कोठे करावयाचा, मुदत कधीपर्यंत, कागदपत्रे कोणती, हे सर्वांत शेवटी किंवा मुळीच नाही. मराठीत येणारा मजकूर तर इंग्रजीची सावली असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी हवामान खात्याचे पत्रक वाऱ्याचा वेग, अक्षांश-रेखांश आणि कमी दाबाचे क्षेत्र सांगते. ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक असते. पण होडी घेऊन निघालेल्या खारव्याला हवे असते एवढेच: आज समुद्रात जावे की नाही, गेलेल्यांनी कधीपर्यंत परतावे, आणि होडी कोठे ओढावी. हा मजकूर कोणत्या शब्दांत लिहावा, आकाशवाणीवरून तो किती वेळा सांगावा, जेटीवरच्या ध्वनिक्षेपकावरून काय पुकारावे, भ्रमणध्वनीवरील दोन ओळींत काय मावेल? विद्यार्थ्याने असे एक पत्रक घेऊन ते शंभर शब्दांच्या मराठीत उतरवून पाहावे आणि गावातल्या एखाद्या वयोवृद्ध मच्छीमाराला वाचून दाखवावे. त्याला समजले तर विद्यार्थी जनसंज्ञापनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला असे आम्ही मानू. येथे चुकलेल्या शब्दाची किंमत गुणांनी नव्हे, माणसांच्या जिवांनी मोजावी लागते.

म्हणूनच आमच्या घरांतून मराठी वाचन-लेखन मागे पडत चालले आहे, याची आम्हांस चिंता वाटते. सनदी परीक्षा मराठीतून देता येते. मार्च २०१३ मध्ये भारतीय भाषांच्या माध्यमावर जाचक अटी घालण्यात आल्या तेव्हा संसदेत व बाहेर गदारोळ उठला आणि त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. हक्क असा भांडून राखला. पण त्या हक्काचा उपयोग करू शकेल असे सकस मराठी लिहिणारे तरुण किती निघतात? इंग्रजी उत्तम यावे, कोंकणी जिभेवर असावी, हिंदीची अडचण नसावी आणि मराठीत चार पाने निर्दोष लिहिता यावीत. ज्याला या चारही भाषांत संचार करता येतो असा गोमंतकीय तरुण माहिती सेवेत कोणाहून उणा पडण्याचे कारण नाही.

समाजानेही आपला वाटा उचलावयास हवा. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. त्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. कोकणच्या या किनाऱ्याला ज्ञानाची अशी जुनी परंपरा आहे. आज गावोगावच्या वाचनालयांत वृत्तपत्रांचे जुने अंक रद्दीत जातात आणि अभ्यासाला बसायला मुलांना जागा नसते. जी देवस्थाने व मंडळे उत्सवांवर मुक्त हस्ताने खर्च करतात, त्यांनी एखादी अभ्यासिका चालविली, चार भाषांची वृत्तपत्रे व दोन-चार नियतकालिके ठेविली आणि आठवड्यातून एकदा तरुणांना एकत्र बसवून एका प्रश्नाची चर्चा घडवून आणली, तर महागड्या शिकवण्यांसाठी पुण्या-दिल्लीला जाण्याची ऐपत नसलेल्यांची मोठी सोय होईल. वृत्तपत्रांच्या कार्यालयांनीही आपली दारे अशा विद्यार्थ्यांना उघडी ठेवावीत, असे आमचे मत आहे.

शेवटी एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी फारच थोडे यशस्वी होतात. सर्वसाधारण गटातील उमेदवाराला वयाच्या बत्तीस वर्षांपर्यंत सहाच संधी मिळतात. केवळ प्रश्नपत्रिकेसाठी केलेली तयारी निकालाच्या दिवशी संपते आणि उमेदीची पाच-सहा वर्षे रिती करून जाते. पण ज्याने बातमी पारखावयास, दोन्ही बाजू ऐकावयास, थोडक्यात व स्वच्छ लिहावयास आणि अवघड गोष्ट सामान्य माणसाच्या भाषेत सांगावयास शिकून घेतले, त्याचे शिक्षण वाया जात नाही. तो वृत्तपत्रात गेला तर चांगला पत्रकार होईल, वर्गात गेला तर चांगला शिक्षक होईल, पंचायतीत गेला तर ग्रामसभेला हिशेब समजावून सांगेल. वृत्तविद्येच्या विद्यार्थ्यांनी अशीच तयारी करावी. पद मिळाले तर ते लोकांच्या कामी येईल. न मिळाले तरी हाती कसब राहील, आणि त्याची गरज या समाजाला कोणत्याही अधिकाऱ्याइतकीच आहे.